"चेप माय?" : बँकॉक, वाट फोमधले ऋषी आणि आईचा खांदा (थाई मसाजचे अनुभव सांगा)

ठाणेकर_मीना
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायचं धाडस करतेय. विषय थाई मसाज. शीर्षक वाचून ज्यांना खुदखुदायला आलं त्यांनी आत्ताच काय ते खुदखुदून घ्या, पुढे मी सिरियस आहे.

झालं असं की नोव्हेंबरात आईला घेऊन बँकॉकला गेले होते. आई 67 ची. डावा खांदा आठ महिने आखडलेला, अंबाडा घालायला हात वर जात नाही, फिजिओ चालू आहे पण कंटाळलीये. वाट फो या देवळात गेलो ते निजलेला बुद्ध बघायला. 46 मीटर लांब आहे तो, तळपायांवर शिंपल्यांच्या कामात 108 शुभचिन्हं, आईने तळपाय बघूनच हात जोडले. मग बाहेर आलो तर बाजूच्या बागेत छोट्या छोट्या दगडी टेकड्यांवर दाढीवाले म्हातारे बसलेले. एकाने स्वतःचा पाय धरून ओढलाय, एक कंबर धरून वाकडा झालाय, आणि चेहरे असे की खरंच दुखतंय. गाईड म्हणाला 'रुसी दत तोन', म्हणजे स्वतःचं अंग ताणणारे रुसी. आई म्हणे अगं रुसी म्हणजे ऋषी! आणि तो कंबरवाला बघून म्हणाली, हे बघ तुझे बाबा.

त्याच आवारात मसाजचा हॉल आहे. ओळीने गाद्या, ढगळ पायजमा-सदरा घालायला देतात, तेल नाही, कपडे काढायचे नाहीत. आईला साधारण पन्नाशीची बाई मिळाली. तिने आधी हात जोडून डोळे मिटले, मग खुणेने विचारलं कुठे दुखतं, आईने खांदा दाखवला आणि ही बसली पायापाशी! पंचवीस-तीस मिनिटं नुसते पाय. आईची चुळबुळ सुरू, मला म्हणते खांदा दुखतोय तर ही पोटरीला काय करतेय. मग ती बाई विचारते "चेप माय?" आईला वाटलं ही मराठीत विचारतेय. म्हणाली हो हो, चेप चेप! ती बाई आणखी हळू. आई म्हणे अगं चेप ना! ती आणखी हळू. शेवटी मी फोनवर बघितलं तर थाईत 'चेप' म्हणजे दुखणं आणि 'चेप माय' म्हणजे दुखतंय का. म्हणजे आई सांगतेय दाब आणि ती ऐकतेय दुखतंय दुखतंय. हसून हसून बाजूच्या गाद्यांवरचे लोक उठून बसले.

पण पुढचं सांगायचंय. खांद्यापर्यंत पोचली तेव्हा तिने फऱ्याच्या आतल्या कडेने अंगठे टेकवले आणि आई श्वास सोडायची तेव्हाच फक्त आत जायची, श्वास घेताना थांबायची. ओढाताण काही नाही. शेवटी वाफवलेली गरम पुरचुंडी आणली आणि तिने खांदा शेकायला लागली तर आई एकदम गप्प झाली. मला वाटलं भाजलं. तर म्हणाली, अगं हा बाळंतिणीच्या खोलीचा वास आहे. 79 साली संगमेश्वरला माझा भाऊ झाला तेव्हा बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपाची धुरी, आजी पुरचुंडीने कंबर शेकायची, ते सगळं तिला त्या गादीवर आठवलं, आणि हॉटेलवर परत जाईपर्यंत तेच सांगत होती.

खांदा बरा झाला का? नाही. तीन वेळा गेलो, दोन-तीन दिवस हात थोडा जास्त वर जात होता आणि झोप मस्त लागली, एवढंच. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे नक्की काय आहे, स्पावाली चैन की आजीबाईचा बटवा? कुणी शिकलंय का, कुणाला त्रास झालाय का, सगळं लिहा.

खवचट_आजोबा
यात नवल ते काय. ऋषी आपले, ते मसाजचा गुरू मानतात तो जीवक वैद्य आपला, योगातल्या इडा-पिंगला नाड्या आपल्या. आपणच दिलं आणि आपल्यालाच आता बाथ (थाई चलन) मोजून परत विकत घ्यावं लागतंय. चालू द्या.

टवाळ_पक्षी
ज्याचा शेवट गोड ते सगळंच गोड म्हणतात, मीनाताई तुमच्या धाग्यात शेवटाबद्दल काहीच नाही ;)

चिंचेचं_बोट
@टवाळ, आला का तू. मी म्हटलं अजून कसा नाही आला. 67 वर्षांच्या आईच्या खांद्याबद्दल लिहिलंय रे त्यांनी.

अनवट_नागपूर
आजोबा, जीवकाबद्दल थोडं लिहितो कारण आमच्याकडे विहारात लहानपणापासून ही गोष्ट ऐकलीये. विनयपिटकाच्या (भिक्षूंच्या नियमांचा बौद्ध ग्रंथ) महावग्ग या भागात आहे. राजगृहाच्या गणिकेचं टाकलेलं पोर, अभय राजकुमाराने उचलून वाढवलं, मग तो तक्षशिलेला जाऊन सात वर्षं वैद्यक शिकला. परीक्षा काय, तर गुरूने हातात कुदळ दिली, म्हणाले तक्षशिलेच्या आसपास योजनभर फिर आणि औषधाला उपयोगी नाही असं झाड घेऊन ये. हा रिकाम्या हाताने परत आला, असं एकही झाड सापडलं नाही म्हणून. पास! पुढे राजा बिंबिसाराचा भगंदर बरा केला, बुद्धाचा आणि संघाचा वैद्य झाला. राजगीरला जीवकाच्या आंब्याच्या बनाचे दगडी पाये अजून दाखवतात, बोधगयेच्या ट्रिपला जाणारे आपले बरेच लोक बघून येतात.

पण गंमत अशी की या सगळ्यात जीवकाने कुणाला मालिश केल्याचं काही येत नाही. औषधं, लेप, चक्क डोक्याची शस्त्रक्रिया, हे आहे. थाई लोकांनी त्याला मसाजचा आद्यगुरू मानलं ते श्रद्धेने, जसं आपल्याकडे प्रत्येक धंद्याला एक मूळपुरुष असतो तसं. म्हणजे माणूस इथला, पण 'आपण दिलं' हे जरा सांभाळून म्हणा. त्यांनी त्याला गेली कित्येक शतकं रोज सकाळी हात जोडलेत. आपल्यापैकी किती जणांना तो माहीत होता सांगा बरं.

खवचट_आजोबा
मला होता.

सुखुमवितची_सून
मीनाताई धागा वाचून राहवलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं बँकॉकात आहे आणि तीन वर्षांपूर्वी वाट फोच्या शाळेतच पाच दिवसांचा, 30 तासांचा बेसिक कोर्स केलाय. ही शाळा 1955 पासून आहे. मी काही मोठी मो नुआत (म्हणजे मसाज करणारी वैद्य) झाले नाही, पण आतून थोडं बघितलं ते सांगते.

सकाळी सुरुवात प्रार्थनेने, तिला वाय ख्रू म्हणतात. ख्रू म्हणजे गुरू! शब्द पालीतले आहेत, "ओम नमो जीवको सिरसा अहं करुणिको सब्बसत्तानं ओसध दिब्बमन्तं..." असं पुढे जातं, थाई उच्चारात ऐकताना आधी काही कळत नाही, पण कागद हातात आला आणि मी चाटच पडले, करुणा, सर्व सत्त्व, औषध, दिव्य मंत्र, सगळं ओळखीचं. बाजूची जर्मन मुलगी म्हणे तुला हे येतं? म्हटलं नाही गं, पण कळतंय. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्खा (समभाव) या चार गोष्टी मनात नसतील तर हात लावू नका. मला तेव्हा ते जरा भाषणबाजीच वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी माझी चिडचिड झाली होती घरून काहीतरी, आणि जिच्यावर प्रॅक्टिस करत होते ती म्हणाली आज तुझे हात कडक आहेत. तेव्हा कळलं.

आता ते 'सेन'. सेन म्हणजे रेषा, शिरा, वाहिन्या काही म्हणा. शरीरात 72,000 आहेत असं सांगतात, त्यातल्या दहा मुख्य, आणि दहाही बेंबीच्या आसपास सुरू होतात. नावं बघा, इत्था, पिंगखला, सुमना, कालथारी, सहत्सरंगसी... आजोबांचं बरोबर आहे, इडा पिंगला सुषुम्नाच. पण वाटा बघा! आपल्या योगात इडा मणक्याच्या बाजूने जाते. थाई इत्था बेंबीतून निघते ती खाली डाव्या मांडीत उतरते, गुडघ्यापाशी वळते, मागून वर पाठीतून डोक्यावर चढून डाव्या नाकपुडीत येते. म्हणजे नाव इकडचं पण रस्ता त्यांचा स्वतःचा. आणि तो रस्ता ध्यानासाठी नाही, अंगठ्याने चालायचा आहे. त्या रेषांतून 'लोम' म्हणजे वारा वाहतो, अडला की दुखतं. आपला वातच म्हणा ना. शरीर माती, पाणी, वारा, अग्नी या चार धातूंचं, त्यात आणखी 42 भाग, हे सगळं पाठ करावं लागतं पुढच्या कोर्सला. म्हणून ताई, खांद्याला पायापासून सुरुवात. त्यांच्या हिशोबाने खांदा वेगळा आणि पोटरी वेगळी असं नसतंच, आधी सगळं अंग मोकळं करा, मग दुखऱ्या जागी जा.

शिकताना सगळ्यात जास्त काय दुखलं तर माझे अंगठे. दुसऱ्या दिवशी पेला धरता येईना. बाई येऊन माझ्या कोपरावर टपली मारायच्या, हात सरळ! ताकद लावायचीच नाही, गुडघ्यावर बसून हात सरळ ठेवून अंगाचा भार पुढे टाकायचा, झुलल्यासारखं. मी 48 किलोची, आणि 90 किलोच्या माणसाच्या मांडीवर तळवा टेकवून नुसती पुढे झुकले तर तो 'आह' म्हणाला, तेव्हा मला स्वतःलाच केवढं भारी वाटलं.

दोन घराणी आहेत म्हणा. एक राजदरबारचं, त्यात फक्त हात वापरायचे, रुग्णापासून अंतर ठेवायचं, गुडघ्यावर सरकत अदबीने यायचं, कारण समोर राजघराण्यातलं माणूस. दुसरं लोकांचं, त्यात कोपर, गुडघा, पाऊल सगळं चालतं, ताणणं वाकवणं पण. टुरिस्टला जे मिळतं ते बहुतेक दुसऱ्यातलं.

आणि टवाळ_पक्षी, तुमच्यासाठी. माझ्या बाई इसानच्या, म्हणजे ईशान्येकडच्या शेतकरी घरातल्या. अंगठ्यांच्या जोरावर दोन मुलं शिकवली, एक इंजिनियर आहे. त्यांच्या अंगठ्यांचे सांधे बघितलेत तर हे असले विनोद सुचणार नाहीत. बँकॉकात तसली दुकानं पण आहेत, नाही कुठे म्हणतेय, पण ती लांबूनच ओळखू येतात. दारात सजून बसलेल्या पोरींचा घोळका असेल तर पुढे चला. आत ओळीने गाद्या, मधे पडदे, आधी पाय धुतात, भिंतीवर सर्टिफिकेटं, काम करणाऱ्या बहुतेक मावश्या-काक्या, तर खुशाल जा. तासाला 250-300 बाथ, वाट फोत पाचशेच्या आसपास. कायद्याने इथे दुकानात मसाज करायला किमान 150 तासांचं ट्रेनिंग लागतं.

टवाळ_पक्षी
ताई, कान धरले. खरंच सॉरी. चार रिकाम्या डोक्यांत बसून सवय लागते.

चिंचेचं_बोट
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पोथीवाला_पंत
छान चाललाय धागा. इतिहासाची थोडी भर. मीनाताईंनी बघितलेले ते ऋषी 1836 च्या सुमाराचे, राजा तिसरा राम याने जस्त आणि कथलाचे ओतवून घेतले, 80 होते, आता वीस-पंचवीस उरलेत. प्रत्येक ऋषीखाली एक पद्य, कुठल्या दुखण्याला कुठलं आसन ते सांगणारं. ऋषी स्वतःच स्वतःला चेपतायत, दुसरं कुणी लागत नाही.

पण हे का केलं ते जास्त भारी आहे. 1767 साली ब्रह्मदेशाच्या फौजेने अयुथ्थया, म्हणजे तेव्हाची राजधानी, जाळलं, त्यात ग्रंथ, वैद्यकाच्या पोथ्या, सगळं गेलं. नंतरच्या राजांनी उरलंसुरलं गोळा केलं, आणि या तिसऱ्या रामाने पोथीवर विश्वासच ठेवला नाही, देवळाच्या भिंतींत संगमरवरी शिळा बसवून त्यावर सगळं कोरून टाकलं. औषधं, कविता, धर्म, आणि मसाजची साठेक चित्रं, माणसाचं अंग पुढून मागून, त्यावर रेषा आणि बिंदू. कुणीही या, वाचा, उतरवून घ्या. एकूण 1400 च्या वर शिलालेख आहेत, युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत 2011 ला गेले, आणि नुआत थाई म्हणजे ही मसाजची विद्या 2019 ला अमूर्त वारशाच्या यादीत. आपल्याकडे वैद्य मरताना मुलाच्या कानात सांगून जायचा, आणि मुलगा मुंबईला गिरणीत असायचा.

आणखी एक. 1687 ला फ्रान्सच्या राजाचा वकील सियामला (म्हणजे आताच्या थायलंडला) आला होता, सिमों द ला लूबेर. त्याने लिहून ठेवलंय की सियामात कुणी आजारी पडलं की जाणकार माणूस त्याच्या अंगावर चढतो आणि पायाने तुडवतो.

कोकणकडा
पंत हे वाचून मला माझी आजीच दिसली. संध्याकाळी ओटीवर पालथी पडायची आणि हाक मारायची, बाब्या ये रे पाठीवर पाय दे. मी सहा वर्षांचा, भिंतीला धरून तिच्या पाठीवर चालायचो, कमरेपाशी आलो की म्हणायची हां तिथेच उभा रहा, टाचेने दाब. वर दोन आणे. आता विचार केला तर काय ते नेमकं सांगायची ती! मणक्यावर नाही रे, बाजूच्या पाटावर. कुठे शिकली होती. आणि रात्री आजोबांच्या तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळायचं, वाटी काळी होईपर्यंत, मग म्हणायचे उष्णता निघाली. आणि बेंबी सरकणे! पोट दुखलं की कुणी तरी म्हणायचंच बेंबी सरकली, मग ती बेंबीभोवती चोळून जाग्यावर बसवणारी एक बाई होती वाडीत. सुखुमवितताईंनी दहा रेषा बेंबीपासून निघतात लिहिलं तेव्हा तीच आठवली. सगळं होतं आमच्याकडे, पण ते आजीबरोबर गेलं. ना शिळा ना शाळा.

गुडघ्यांची_डॉक्टर
फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापूर. रसभंग करायला आलेय, माफी.

मला मसाजचं वावडं नाही. मान-पाठ-कंबरेच्या जुनाट दुखण्यात थोड्या दिवसांचा आराम पडतो, झोप सुधारते, भीती कमी झाल्यामुळे माणूस हालचाल करायला लागतो आणि ती हालचालच खरं काम करते. मीनाताईंच्या आईंना हात दोन दिवस वर गेला तो तसाच. ताई, त्या दोन दिवसांतच व्यायाम करून घ्यायचे असतात! आखडलेला खांदा सुटायला दीड-दोन वर्षंसुद्धा लागतात, कुणाच्याही अंगठ्याने एका बैठकीत सुटत नाही. सेन म्हणजे नेमकी अमुक नस असं दाखवता येत नाही, पण त्या रेषांवरच्या बऱ्याच जागा स्नायूंच्या दुखऱ्या गाठींच्या आसपास येतात हे मी पण बघितलंय.

आता भीती कशाची. एक, पोटरी. लांबचा विमान प्रवास करून उतरलात आणि एकाच पायाची पोटरी सुजलीये, गरम लागतेय, दुखतेय, तर मसाजला नाही, सरळ डॉक्टरकडे. आत रक्ताची गाठ असली आणि ती चेपून सुटली तर फुप्फुसात जाते. दोन, जांघेत तळव्याने रक्तवाहिनी दाबून धरतात आणि मग एकदम सोडतात, थाई लोक त्याला बहुधा वाऱ्याचं दार उघडणं म्हणतात, पायात गरम लाट जाते, लोकांना फार आवडतं. हृदयाचे रुग्ण, बीपी जास्त असणारे, गरोदर बायका, पायाच्या शिरा फुगलेले, यांनी ते करूच द्यायचं नाही. तीन, हाडं ठिसूळ झालेली असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कोपर-गुडघ्याचा मसाज नको. चार, मानेला झटका देऊन टक् आवाज काढणं, याला कुठेही, कुणीही असो, नाही म्हणा. आणि मधुमेह्यांच्या पायाला गरम पुरचुंडी लावताना डोळ्यात तेल घालून, त्यांना भाजलेलं कळत नाही. माझ्याकडे शेकून शेकून फोड आलेले पेशंट येतात, ते काही बँकॉकहून आलेले नसतात, घरच्या गरम पिशवीचे असतात.

सुखुमवितची_सून
डॉक्टर, हे सगळं आम्हाला पण पहिल्या दिवशी घोकून घेतलं होतं. ताप असेल, हाड मोडलं असेल, ऑपरेशन नुकतं झालं असेल तर हात लावायचा नाही. त्या दार उघडण्याला 'पर्त लोम' म्हणतात, बरोबर. चांगली बाई आधी विचारते बीपी आहे का. न विचारता जांघेकडे हात गेला तर 'माय आव' म्हणा, म्हणजे नको. आणि हळू करायला सांगायचं तर 'बाव बाव'. मीनाताईंच्या आईंना सांगा 'चेप चेप' नाही!

पिंपळे_सौदागर
माझा अनुभव लिहू का नको करत होतो. आमच्याकडे पुण्यात एका मॉलमधल्या स्पात, नाव घेत नाही, 'अस्सल थाई' पाटी बघून बाबांना नेलं होतं वाढदिवसाला. दीड तासाचे साडेतीन हजार. आधी तर तेल लावलं, म्हटलं हे थाईत असतं? म्हणाले स्पेशल आहे. बाबांचं वय 71, कुणी काही विचारलं नाही. त्या पोराने पाठीवर गुडघा टेकवून दोन्ही हात मागे ओढले आणि बाबांची बरगडी कडकली. केसाएवढी फट होती, सहा आठवडे खोकला आला की कळ. मी तावातावाने भांडायला गेलो तर तो पोरगा रडायला लागला, म्हणाला सर मला आठच दिवस शिकवलंय, व्हिडिओ दाखवून. वय असेल वीस, मणिपूरहून आलेला, चेहऱ्यावरून त्याला थाई म्हणून खपवत होते. मॅनेजरने मला पुढच्या वेळेचं मोफत कुपन दिलं! राग त्या पोराचा नाही आला शेवटी. पण बाबा अजूनही थाई म्हटलं की बरगडीला हात लावतात, थाई करीसुद्धा खात नाहीत.

चिंचेचं_बोट
करीचा काय दोष 😂 पण आठ दिवस आणि 150 तास यातला फरक बरगडीने मोजला म्हणायचा.

भटका_विमुक्त
उत्तरेत चियांग माईकडे गेलात तर दोन गोष्टी बघा. एक 'तोक सेन', चिंचेच्या लाकडाची पाचर आणि चिंचेचीच हातोडी, पाचर सेनवर टेकवून टक टक टक ठोकत जातात. आवाज ऐकून वाटतं सुतारकाम चाललंय, पण आत हाडापर्यंत गुणगुणल्यासारखं जातं, मला तर झोप लागली. दुसरं 'याम खांग', ते मी फक्त बघितलं, करून घ्यायची हिंमत नाही झाली. कोळशावर नांगराचा लोखंडी फाळ तापत ठेवलेला. म्हातारा वैद्य टाच वनस्पतींच्या तेलात बुडवतो, ती टाच तापलेल्या फाळावर टेकवतो, चर्र आवाज, भपकन जाळ, आणि तीच टाच लगेच रुग्णाच्या कमरेवर. रुग्ण निवांत! आणि वैद्याच्या पायाला काही नाही, तळवा बघितला मी, कातड्यासारखा घट्ट. शेतकऱ्यांची कंबर शेतकऱ्यांच्याच अवजाराने.

चियांग माईत महिला तुरुंगातल्या कैदी बायकांना मसाज शिकवून त्यांचं केंद्र चालवतात, बाहेर पडल्यावर हाताशी काम असावं म्हणून. तिथे करून घेतला, आतापर्यंतचा सगळ्यात शिस्तीचा.

ठाणेकर_मीना
बापरे केवढे प्रतिसाद! सगळं आईला वाचून दाखवलं. याम खांग ऐकून म्हणाली आमच्याकडे गुराला डाग द्यायचे तसं काहीतरी. कोकणकडा, तिला तुमची आजी फार आवडली.

सुखुमवितताई, एक विचारायचं राहिलं, बाळंतिणीचा शेक त्यांच्याकडे पण होता का? कारण आईचा तोच हेका आहे की ही पुरचुंडी आपल्या बाळंतिणीचीच.

सुखुमवितची_सून
होता तर! 'यू फाय' म्हणतात, म्हणजे आगीपाशी राहणं. बाळंतीण जाळाशेजारी फळीवर निजायची, ठरावीक दिवस, गरम पाणीच प्यायचं, थंड नाही. आणि मातीच्या मडक्यात मीठ घालून ते तापवून, पाल्यात-फडक्यात गुंडाळून पोटावर-कमरेवर शेकायचं. शहरात आता कमी झालंय पण बाळंतपणानंतर हा शेक देणाऱ्या जागा आहेत, काही सरकारी दवाखान्यांतसुद्धा पारंपरिक वैद्यकाचा विभाग असतो तिथे मिळतो. कोण कुणाकडून शिकलं या भानगडीत मी पडत नाही. ओलं बाळंतपण, पावसाळी हवा, हाताशी शेगडी, कुणालाही सुचेल.

पुरचुंडीचं नाव लूक प्राकोप. घरी करून बघा ताई, सोपी आहे. मुख्य कंद प्लाय, आल्याच्या कुळातला, आतून पिवळा, आपल्याकडे बाजारात मिळत नाही, त्याऐवजी आंबेहळद आणि आलं घ्या, तोच गुण म्हणणार नाही पण जवळ जातं. हळद, गवती चहा, खडबडीत सालीच्या माकरूत लिंबाची साल, चिंचेचा पाला, खडेमीठ, कापूर. आणि सोम पोयचा पाला.

ठाणेकर_मीना
केली! आठवडा उशिरा लिहितेय कारण पहिली फसली. सगळं मिक्सरला लावलं आणि त्याचा चिखल झाला, वाफवल्यावर फडक्यातून पिवळं पाणी गळून आईचं पांढरं झंपर, गादीवरची चादर, सोफा, सगळं हळदीकुंकवाला गेल्यासारखं. दुसऱ्या वेळी खलबत्त्यात नुसतं जाडसर ठेचलं, बाबांच्या जुन्या पंचाच्या फडक्यात नारळाएवढी पुरचुंडी घट्ट सुतळीने बांधली, वर मूठ ठेवली, मोदकपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवली. कापूर आणि मीठ शेवटी मिसळायचं, आधी घातलं तर वास उडून जातो, हे आईने सांगितलं, तिला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणे हे काय सांगावं लागतं. आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितली, मग तिच्या खांद्याला, आधी टेकव-उचल टेकव-उचल, निवत आली की दाबून धरायची. डॉक्टर, तुमचं ऐकून लगेच दहा मिनिटं भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम. रोज भिंतीवर पेन्सिलीने खूण करतोय. दोन बोटं वर गेलीये.

आता बाबा पण रांगेत आहेत, कमरेसाठी. फक्त ते सोम पोय काय ते मिळालं नाही. कुणाला माहितीये का?

पोथीवाला_पंत
ताई सोम पोय म्हणजे आपली शिकेकाई! शेंगा नाही, पाला. थाई लोक शेंगा पाण्यात टाकून ते पाणी नव्या वर्षाला मोठ्यांच्या हातावर पण घालतात.

ठाणेकर_मीना
अय्या. शिकेकाईच्या शेंगा वाण्याकडे मिळतात, पाला ठाण्यात कुठून आणू?

कोकणकडा
आमच्या घरामागे वेल आहे, काट्यांनी सगळी वई धरून ठेवलीये, उलट तोडायलाच माणूस मिळत नव्हता. शनिवारी पुतण्या एसटीने ठाण्याला येतोय, पिशवीभर देतो त्याच्याबरोबर. व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि काटे बघून, हातमोजे घालून पाला काढा.